नावाची ठेव

व्यापाऱ्याचे खरे भांडवल तिजोरीत नसते, ते त्याच्या नावात असते, हे आमच्या समाजास कोणी नव्याने सांगावयास नको. पेढीच्या नावावर हुंडी सकारली जात असे आणि सही ओळखणारा मुनीम गादीवर बसलेला असे. आज मात्र आपले नाव आधार, पॅन, मोबाईल क्रमांक व अंगठ्याचा ठसा यांत विखुरले गेले आहे, आणि या वस्तू आपण रोज कोणाच्या ना कोणाच्या हाती देत असतो.

दिलसुखनगरातील एखाद्या झेरॉक्सच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहावे. शिकवणी वर्गात प्रवेश घेणारे विद्यार्थी, सिमकार्ड घेणारे, दुकानाचा भाडेकरार करणारे, सर्वांच्या हाती आधारच्या प्रती दिसतात. बिघडलेली प्रत टोपलीत पडते व तिचे पुढे काय होते, याची कोणी चौकशी करीत नाही.

यात भिण्यासारखे काय, असे कोणी विचारील. २०१८ साली याच तेलंगणात, पेद्दपल्ली जिल्ह्यातील धर्मारम येथील एका सिमकार्ड विक्रेत्याचे प्रकरण उघडकीस आले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, नोंदणी व मुद्रांक खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून त्याने लोकांचे आधार क्रमांक व अंगठ्याचे ठसे मिळविले, ठशांची रबरी नक्कल केली आणि हजारो सिमकार्डे परक्यांच्या नावे चालू केली. ज्यांनी रीतसर जमीन खरेदी केली, त्यांचा यात अपराध तो कोणता? जीएसटीच्या क्षेत्रातही दुसऱ्याच्या पॅन-आधारवर खोट्या पेढ्या नोंदविल्या जाऊ लागल्या, म्हणून २०२३ साली १६ मे ते १५ जुलै अशी देशव्यापी शोधमोहीम काढावी लागली. आपल्या नावाची खोटी पेढी कोठेतरी बिले फाडीत आहे, हे खऱ्या धन्यास करखात्याची नोटीस आल्यावर कळावे, याहून मोठी विटंबना कोणती?

तेव्हा सावधगिरी प्रथम. आधारची प्रत देणे प्राप्तच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते का, हे विचारावे. प्रतीवर तारीख व ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहून सही करावी. ठसे व डोळ्यांची ओळख आधारच्या व्यवस्थेत कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. ती कोणासही, बँकेचा माणूस म्हणविणाऱ्यासही, सांगू नये.

परंतु ही झाली केवळ अर्धी गोष्ट. आमच्या दुकानांत ग्राहकांच्या, नोकरांच्या व भाडेकरूंच्या ओळखपत्रांच्या प्रती पडलेल्या असतात, त्यांचे काय? आमच्या आचारशास्त्राने सत्यव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे दुसऱ्याची ठेव बुडविणे हे दोन्ही गणले आहेत. ग्राहकाने विश्वासाने दिलेला कागद हा न्यासच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. लागेल तेवढाच घ्यावा, कुलपात ठेवावा, काम संपताच फाडून नष्ट करावा. अपरिग्रह कागदांनाही लागू आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला; पण कायदा नसता, तरी हे कर्तव्य चुकले नसते.

आणि चोरी झालीच तर? येथे आमच्या समाजाची एक खोड उघड बोलली पाहिजे. बाजारात बोभाटा होईल, साख जाईल, या भयाने पुष्कळ जण मौन धरतात. त्या मौनाने फावते ते चोराचेच. पैसे गेल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, बँकेस खाते रोखावयास सांगावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा. येथे विलंब म्हणजेच तोटा. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या दंडकातही हेच तत्त्व होते: दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रसंगी तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्यावर नुकसानीचा भार नसावा. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड वा ओळखीची खूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लाज वाटावयाची ती चोरास. फसविल्या गेलेल्यास नव्हे.

शेवटी एक सूचना. दिवाळीत आपण वहीपूजन करतोच. त्याच दिवशी घरातील शिकलेल्या मुला-मुलींस जवळ बसवून तीन गोष्टी पाहून घ्याव्यात: आपल्या नावे किती मोबाईल जोडण्या आहेत, हे ‘संचार साथी’वर, आपल्या पॅनवर कोणती जीएसटी नोंदणी आहे, हे जीएसटीच्या पोर्टलवर, आणि आपल्या नावे कोणते कर्ज उचलले गेले आहे, हे वर्षातून एकदा विनामूल्य मिळणाऱ्या पतअहवालात. वडिलांनी मिळविलेले नाव ही आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती अभंग सोपविणे, हाच आपला खरा जमाखर्च होय.