विसावं जनुक

परवा नवी पेठेत औषधाच्या दुकानात गेले होते. काउंटरवर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं लिहिलेल्या डब्यांची उतरंड. शेजारच्या बाईंनी दोन घेतले. खरं सांगते, माझाही हात पुढे झाला होता... मग आईचे हात आठवले.

घरच्यांना माहीतच आहे, आईला आमवात आहे. सकाळी तिला कपाचा कान धरता येत नाही, पेला दोन्ही तळव्यांत धरून चहा पिते. तिची प्रतिकारशक्ती कमी नाही हो, ती तिच्याच सांध्यांवर उठली आहे! डॉक्टर तिला आवर घालायची गोळी देतात, आणि मी वाढवायची पावडर नेणार होते.

हा आवर कुठून येतो, ते उंदरांनी दाखवलं. अमेरिकेत ओक रिजला किरणोत्साराचे परिणाम तपासणाऱ्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात काही पिल्लं आजारी जन्मली. खवलेदार कातडी, सुजलेली प्लीहा, जेमतेम तीन-चार आठवडे आयुष्य. आणि आजारी सगळे नर, म्हणजे दोष एक्स गुणसूत्रात. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधत शोधत वीस जनुकांपर्यंत आणलं. एकेक तपासलं, दोष निघाला विसाव्यात. (हरवलेली साडी नेहमी शेवटच्या ट्रंकेत सापडते, तसंच!) त्याचं नाव फॉक्सपी३. हेच जनुक बिघडलं की माणसाच्या मुलग्यांनाही तान्हेपणीच मधुमेह, जुलाब, त्वचेचे विकार होतात, हेही २००१ मध्ये कळलं. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलेल्या, इतर पेशींना आवरणाऱ्या टी-पेशी याच जनुकावर चालतात. तिघांना २०२५चं नोबेल मिळालं.

आईचा आजार काही या एका जनुकाचा नाही. पण प्रतिकारशक्ती म्हणजे जितकी जास्त तितकी चांगली, हे मला आता पटत नाही. लस घ्यावी, पोटभर जेवावं, त्याबद्दल वाद नाही. लस शरीराला नेमका शत्रू ओळखायला शिकवते. हे डबे कुणाला काय शिकवतात?

असो. मावशी, तू हे वाचतेसच, म्हणून इथेच सांगते. तू प्रेमाने पाठवलेला डबा मी आईला अजून दिलेला नाही. कपाटात आहे. रागावू नकोस. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो बरोबर नेईन, डॉक्टरांना दाखवेन, मग तुला फोन करते.