बंगळुरूतील ११० गावे: शहरात सामावली, कारभारापासून दुरावली

बृहत् बंगळुरू महानगरपालिकेचे अस्तित्व २ सप्टेंबर २०२५ रोजी संपले आणि तिच्या जागी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा पाच महापालिका स्थापन झाल्या. मात्र, या पाचही महापालिकांचा कारभार सुरू झाला तो एकाही निर्वाचित नगरसेवकाविना. आधीच्या महापालिकेची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजीच संपली होती आणि मधल्या पाच वर्षांत निवडणूक झाली नव्हती.

शहराच्या सीमेवरील ११० गावांसाठी या विलंबाचा अर्थ अधिक गंभीर आहे. जानेवारी २००७ मध्ये सात नगरपालिका, केंगेरीची एक लहान नगरपालिका आणि ही ११० गावे बंगळुरूत विलीन करण्यात आली. सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे शहर त्यामुळे सातशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. गावांमधील ग्रामपंचायती संपुष्टात आल्या, त्यांबरोबर ग्रामसभाही संपली.

या पंचायती दुबळ्याच होत्या, असे म्हणता येणार नाही. आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बेळ्ळंदूरच्या ग्रामपंचायतीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कारभाराचे संगणकीकरण केले होते आणि देशभर तिचे कौतुक झाले होते.

विलीनीकरणाच्या वेळी शहरातील निर्वाचित सभागृहाची मुदत संपलेली होती. विस्तारित महापालिकेची १९८ प्रभागांसाठीची पहिली निवडणूक मार्च २०१० मध्ये, तर दुसरी ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. त्यानंतर २०२० पासून प्रशासकीय राजवट आली. म्हणजेच, विलीनीकरणानंतरच्या पहिल्या अठरा वर्षांपैकी जेमतेम दहा वर्षे या गावांना स्वतःचा नगरसेवक लाभला. मालमत्ता कराची आकारणी मात्र या काळात थांबली नाही.

याचे परिणाम पाण्याच्या प्रश्नात स्पष्ट दिसतात. शहरातील पाणीपुरवठा राज्य सरकारच्या अखत्यारीतील स्वतंत्र मंडळाकडे आहे. या गावांची भिस्त दीर्घकाळ कूपनलिका आणि टँकरवर राहिली. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील १३,९०० कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. प्रामुख्याने या गावांसाठी आखलेल्या, दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेच्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर सतरा वर्षांनी. टंचाईच्या काळात जाब विचारण्यासाठी ना सरपंच होता, ना नगरसेवक.

वास्तविक, मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेली ही तरतूद १ जून १९९३ पासून लागू आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये निवडणूक घेण्याचा आदेश दिला होता. त्याला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. दरम्यान, प्रभागांची संख्या १९८ वरून २४३, मग २२५ आणि अखेर पाचही महापालिका मिळून ३६९ अशी बदलत गेली. सत्तेवरील पक्ष बदलले, पण निवडणूक लांबवण्याची रीत बदलली नाही.

हा प्रश्न केवळ कर्नाटकाचा नाही. पुणे महापालिकेत जून २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मुंबईची कथाही याहून निराळी नव्हती.

याउलट दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे २००० पासून ग्रामीण भागासह संपूर्ण देश नगरपालिकांमध्ये विभागलेला आहे. डर्बन शहराच्या इथेक्विनी महापालिकेत पारंपरिक झुलू प्रमुखांचा प्रभाव असलेली खेडीही येतात. रस्ते, पाणी आणि जमिनीचा अधिकार यांवरून तेथेही वाद आहेत. परंतु २०२१ मध्ये निवडणूक आयोगाने कोरोना साथीमुळे मतदान पुढे ढकलण्याची अनुमती मागितली, तेव्हा तेथील घटना न्यायालयाने ती नाकारली. १ नोव्हेंबर २०२१ रोजी मतदान पार पडले.

बंगळुरूच्या नव्या रचनेत पाचही महापालिकांवर समन्वयासाठी एक प्राधिकरण असून त्याचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आहे. महापालिका लहान झाल्याने प्रशासन नागरिकांच्या जवळ येईल, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि, अंतर केवळ कार्यालयाचे नसते. ज्याला मत देऊन निवडता येते आणि मत देऊनच घरी पाठवता येते, असा प्रतिनिधी वेळेवर मिळणार नसेल, तर सीमा कितीही वेळा नव्याने आखल्या, तरी ११० गावांचे रहिवासी नागरिक कमी आणि करदाते अधिक राहतील. ग्रामपंचायत सोडताना जे हातचे गेले, ते परत मिळते की नाही, हीच नव्या व्यवस्थेची खरी कसोटी आहे.