छप्पर कोणत्या गाडीचें काढावें?

मोटारगाडी उघडी असावी कीं बंद, हा केवळ हौसेचा प्रश्न आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. नौपाड्यांत गोखले रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें असतां शेंकडों गाड्या समोरून जातात. त्यांत उघडी गाडी क्वचितच दृष्टीस पडते. मग विद्यार्थीमित्र विचारतात, “कारखानदार प्रत्येक गाडीचा उघडा प्रकार कां काढीत नाहींत? छप्पर तेवढें काढावयाचें, त्यांत अवघड तें काय?” आमच्या मतें त्यांचा हा नकार कृपणपणाचा नसून शहाणपणाचा आहे.

घरीं एक प्रयोग करून पाहावा. बुटांची पुठ्ठ्याची पेटी झांकणासह चिकटवून दोन्ही टोकांनीं पिळावी. ती सहज वांकत नाहीं. झांकण काढून तीच पिळली, तर लागलीच वेडीवांकडी होते. आजच्या बहुतेक मोटारींचें शरीर ह्या पेटीसारखेंच आहे. तळ, खांब व छप्पर मिळून एकच सांगाडा होतो आणि त्याचा प्रत्येक अवयव भार वाहतो. छप्पर काढलें कीं तळ व दारांखालील पट्ट्या अधिक मजबूत कराव्या लागतात, समोरील कांचेचे खांब बळकट करावे लागतात. म्हणजे छप्पर जाऊनहि वजन बहुधा वाढतेंच! शिवाय दोन दारांमधील खांबावर मागच्या दाराच्या बिजागऱ्या असतात. म्हणून उघड्या गाड्या बहुतेक दोनच दारांच्या असतात. मिटलेलें छप्पर ठेवावयाचें तर सामानाची किंवा मागील प्रवाशांची जागा जाते. आणि हा सारा खर्च थोड्याशा ग्राहकांवरच वांटावा लागतो. कारण आमच्या ठाण्याचें ऊन, धूळ आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस सोसून उघडी गाडी घेणारे किती निघणार?

ह्याचीं उदाहरणें महाराष्ट्रांतच आहेत. १९४७ च्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिज जीपची जुळणी आरंभिली. त्या जीपला शिडीसारखी स्वतंत्र पोलादी चौकट असे. मुख्य भार तीच वाही. म्हणून वर नुसतें कापड असलें तरी चालत असे. त्याच परंपरेंतील थार गाडी नाशिकच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. २०२० सालीं आलेल्या तिच्या नव्या आवृत्तींत कठीण छपराबरोबर मिटतें कापडी छप्परहि देण्यांत आलें. परंतु २०२४ सालीं निघालेली पांच दारांची थार रॉक्स मात्र पोलादी छपराचीच आली. शिडीची चौकट तिलाहि आहे. पण मुलाबाळांसाठीं गाडी घेणाऱ्यास वाऱ्यापेक्षां आसरा अधिक प्रिय असतो, हें उघड आहे. यावरून दिसतें कीं, छप्पर काढतां येणें निराळें आणि काढणें योग्य असणें निराळें.

येथें पालकांस एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. जुनी गाडी घेऊन तिचें छप्पर कापण्याचा मोह कांहीं तरुणांना होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें स्पष्ट केलें आहे. पण कायद्याची भीति दूर ठेवली तरी, गाडी उलटली असतां मस्तकाचें रक्षण करणारें तें छप्परच असतें. चालत्या गाडीच्या छतांतील खिडकींतून लेकरांना उभें करणारे वडीलहि तेंच रक्षण आपल्या हातानें दूर करतात. ह्याला कौतुक म्हणावें कीं अविचार?

उघड्या गाडीचा आनंद त्याज्य आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. जी गाडी मुळापासून उघडी राहण्यासाठीं घडविली, तिनें खुशाल वारा घ्यावा. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून भार वाहणारी भिंत पाडणारा गृहस्थ जसा साऱ्या इमारतीस संकटांत घालतो, तसेंच हें आहे. कोणतीहि वस्तु निरुपयोगी म्हणून काढण्यापूर्वीं ती कोणता भार वाहते, हें विचारण्याची संवय विद्यार्थ्यांनीं शाळेंतच लावून घ्यावी. पुढें ती गाडींत, घरांत आणि समाजांतहि उपयोगी पडेल.