दारूचा अड्डा की गावाची ओसरी?

आयर्लंडमधील मद्यगृहे एकामागून एक बंद पडत आहेत. २००५ पासून तेथील दोन हजारांहून अधिक मद्यगृहांना टाळे लागले. ही वार्ता कानी येताच आपल्यातील कित्येक सज्जन समाधानाने उद्गारतात, 'दारूचे अड्डे उठले, बरे झाले!' या सज्जनांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या समाधानाविषयी मात्र आहे.

उठले ते काय, हे त्यांनी पाहिलेलेच नाही. युनियन हॉल, किल्मोर की, डनमोर ईस्ट ही आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील मासेमारीची गावे. अशा गावांत धक्क्यालगत एखादे घर असते. दारावर कुटुंबाचे आडनाव, खाली मद्याचा गल्ला, शेजारी जेवणाची जागा, माडीवर पाहुण्यांच्या मोजक्या खोल्या. घरचीच माणसे रांधतात, वाढतात आणि अंथरुणे घालतात. आयरिश समुद्रातील खेकडे-कोळंबीचा मोठा भाग फ्रान्स-स्पेनकडे रवाना होतो. येथे मात्र समोरच्या बोटीतून उतरलेले खेकडे, शेवंडे आणि बांगड्याच्या कुळातले मॅकरेल गावातच ताटात पडतात. या तिन्ही गावांत संकटग्रस्त खलाशांना वाचविणाऱ्या नौकेचे ठाणे आहे, आणि तिच्यावर जाणारे बहुतेक गावचेच स्वयंसेवक. त्या नौकेसाठीची दानपेटी गल्ल्यावर ठेवतात. अंत्यविधीनंतर गाव जमतो तोही अशाच घरात. याला अड्डा म्हणावे काय?

बरे, घर बंद पडले म्हणून दारू तरी बंद पडते काय? आयर्लंडात नव्या परवान्यासाठी जुना परवाना रद्द व्हावा लागतो. २००० सालच्या कायद्याने तो जुना परवाना देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातला चालू लागला. म्हणजे किनाऱ्यावरचे घर मिटते, आणि त्याच्याच परवान्यावर दूरच्या शहरातील भव्य दुकानात बाटल्यांची रांग मांडता येते. दारू राहिली, गेली ती ओसरी.

दारूने तेथील संसार उद्ध्वस्त केले नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. २०१८ चा मद्यविषयक आरोग्य कायदा आणि त्यानुसार जानेवारी २०२२ पासून लागू झालेली किमान किंमत यांचे आम्ही स्वागतच करतो. २००१ च्या मानाने तेथील दरडोई मद्यपान उतरले, हेही खरे. परंतु त्याचे श्रेय या घरांच्या मृत्यूस देऊ नये. आज तेथील बहुतांश दारू दुकानातून घेऊन घरी प्यायली जाते. बंद खोलीत एकट्याने पिणाऱ्यास 'पुरे आता, घरी जा' असे कोण सांगणार?

शिवाय अशा घराचे तिन्ही व्यवसाय एकमेकांच्या आधाराने उभे असतात. हिवाळ्यात पाहुणे नसतात तेव्हा गल्ला तारतो. २०२० च्या साथीत स्वयंपाकघराने तारले: किमान नऊ युरोंचे जेवण देणारी मद्यगृहे २९ जूनला उघडली, केवळ मद्य देणाऱ्यांना सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत, राजधानीत तर त्याहूनही अधिक, थांबावे लागले. आता तर बोटीही घटल्या आहेत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आयर्लंडचा मासेमारीतला वाटा कमी झाला, आणि २०२२ मध्ये शासनाने पैसे देऊन बोटी मोडीत काढण्याची योजना आणली. जाळे गेले, होडी गेली. आता चूलही जाऊ द्यावी काय?

आमचे मागणे माफक आहे. गावचा परवाना गावाबाहेर विकला जाऊ नये, आणि कर बसविताना घरच्या माणसांनी चालविलेली चूल व शेकडो खोल्यांचे हॉटेल यांस एकच माप लावू नये. गोव्यातील जुन्या ताव्हेर्नांच्या बाकावर बसलेल्या वाचकास हे निराळे पटवून द्यावे लागणार नाही. इतरांनी टाळ्या वाजविण्यापूर्वी एवढेच विचारावे: दार बंद झाल्यावर आत बसणारी माणसे गेली कोठे?