मत मांडण्याचा दाम कोणी मोजायचा?

राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला भाषणाचे व मतप्रदर्शनाचे स्वातंत्र्य दिले आहे, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सर्वत्र आढळते. पण या स्वातंत्र्याची खरी कसोटी दिल्लीच्या सभागृहात लागत नसते. ती नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी लागते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या गावातल्या एखाद्या तरुणाने उद्या ठरविले, की नगरपरिषदेच्या कारभारावर, कापसाच्या खरेदीवर, पूर्णेवरील जिगाव प्रकल्पात बुडणाऱ्या गावांच्या पुनर्वसनावर स्वतःचे मत नियमितपणे प्रसिद्ध करावयाचे, मग ते चार पानांचे पत्र काढून असो वा स्वतःचे संकेतस्थळ उघडून असो, तर त्याला पहिला सल्ला कोणता मिळेल? घरचे म्हणतील, 'भानगडीत पडू नकोस.' हितचिंतक म्हणतील, 'आधी वकिलाला विचार.' आणि खेदाची गोष्ट अशी, की पुरोगामी चळवळीतले जाणतेही बहुधा याहून वेगळे काही सांगणार नाहीत.

हा सल्ला व्यवहारी वाटतो, म्हणूनच तो घातक आहे. ज्याला वकिलाची फी परवडते त्यानेच मत बाळगावे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. कंत्राटदाराला, शिक्षणसम्राटाला, वाहिनीच्या मालकाला कायद्याची भीती दाखविली जात नाही. ती शेतमजुराच्या मुलाला दाखविली जाते. याच्या उलट टोकाला चळवळीतच आणखी एक वृत्ती दिसते. 'कायदा सारा भांडवलदारांचाच, तो वाचावयाचा कशाला?' असे ती म्हणते. ही वृत्ती दिसावयास शूर, पण परिणामी कार्यकर्त्याला निःशस्त्र करून प्रतिपक्षाच्या हाती देणारी आहे. भीती आणि बेफिकिरी या दोन्ही कायद्याच्या अज्ञानावरच पोसल्या जातात.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. मत मांडण्यासाठी कोणाचाही परवाना लागत नाही. ठरावीक मुदतीने निघणारे छापील पत्र काढावयाचे असेल तरच नोंदणीचा प्रश्न येतो. ब्रिटिशांच्या १८६७ च्या कायद्याखाली त्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापन करावे लागे. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली आहे. नवा कायदा सौम्य म्हणून गाजविण्यात आला, आणि काही शिक्षा त्यातून गेल्या हे खरेही आहे. पण दहशतवादी कृत्याबद्दल किंवा 'बेकायदेशीर कृत्या'बद्दल शिक्षा झालेल्या माणसाला नियतकालिक काढण्याची त्याने बंदी केली. 'बेकायदेशीर कृत्य' ही संज्ञा सत्ताधाऱ्यांच्या हाती किती ताणली जाते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. संकेतस्थळाला हा नोंदणी कायदा लागू नाही. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम वृत्तप्रकाशकांना बांधू पाहतात. पण जो पद्धतशीर धंदा वा व्यवसाय म्हणून प्रकाशन करीत नाही, अशा व्यक्तीला त्यांच्याच व्याख्येने वगळले आहे. शिवाय त्या नियमांतील आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. त्या लढ्यात पत्रकार निखिल वागळे हे एक अर्जदार होते. म्हणजे दरवाजा उघडा आहे. अडचण आहे ती दरवाजाच्या आत.

त्यातली पहिली अडचण बदनामीच्या कायद्याची. तिची ओळख महाराष्ट्राला जुनी आहे. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे, या कळकळीने त्यांनी दिवाण बर्वे यांच्यावर लिहिले. परंतु ज्या पत्रांवर विसंबून लिहिले ती पत्रे बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट वजा जाता १०१ दिवस भोगावी लागली. या प्रसंगातून नेहमी त्यागाचा धडा घेतला जातो. दुसरा धडा मात्र सोयीस्करपणे विसरला जातो: हेतू कितीही शुद्ध असला तरी हाती आलेला कागद पारखून न घेता छापला, की न्यायालयात हेतू एकटा पडतो.

आज हेच कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने नांदते आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा सामाजिक सेवा. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी फौजदारी बदनामीचे कलम घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला, हे दुर्दैव. तरीही या कायद्याच्या पोटात नागरिकाच्या उपयोगाच्या गोष्टी आहेत आणि त्या मुद्दाम सांगितल्या जात नाहीत. विधान खरे असेल आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे असेल, तर तो गुन्हा नाही. सार्वजनिक सेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेले मत हाही गुन्हा नाही. बदनामी अदखलपात्र असल्याने पोलिसांना स्वतः होऊन त्यासाठी कोणाला पकडता येत नाही. दुखावलेल्याने न्यायालयात फिर्याद करावी लागते. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की शासन वा स्थानिक स्वराज्य संस्था स्वतःच्या बदनामीसाठी नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. तेव्हा 'नगरपरिषदेची बदनामी केलीस, तुझ्यावर दावा लावू' अशी धमकी एखादा मुख्याधिकारी वा नगराध्यक्ष देऊ लागला, तर ती पोकळ आहे हे नांदुऱ्याच्या तरुणाला ठाऊक असावयास हवे.

मत आणि आरोप यांतला फरकही त्याला कळला पाहिजे. शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड यांसारख्या गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून माणसांचे केस अचानक गळू लागले. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पिढ्यान् पिढ्या खारे पाणी पिणाऱ्या लोकांचा पहिला संशय पाण्यावर गेला, यात नवल ते काय? 'पाण्याच्या तपासणीचे अहवाल गावात लावा, तोवर टँकर द्या' असे लिहिणे हे मत आहे आणि त्याला कोणीही हात लावू शकत नाही. 'अमक्या अधिकाऱ्याने पैसे खाऊन अहवाल दडपला' असे लिहिणे हा वस्तुस्थितीचा आरोप आहे. त्याला कागदाचा आधार हवा. भीती पसरविणाऱ्या खोट्या माहितीबद्दल कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण मजकूर खरा आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल आणि लिहिणाऱ्याची सद्भावना असेल, तर तो गुन्हा होत नाही, असा अपवाद त्याच कलमात नोंदलेला आहे. हा अपवाद ठाण्यातल्या फौजदाराला ठाऊक नसेल, तर तो त्याला वाचून दाखविणारा कार्यकर्ता गावात असला पाहिजे.

परंतु एवढे सारे ठाऊक असूनही प्रश्न सुटत नाही, आणि येथेच कायद्याचे वर्गीय रूप उघडे पडते. या देशात मत मांडणाऱ्याला शिक्षा न्यायाधीश देत नाही. ती खटलाच देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या पसंत केल्या, एवढ्यावर दोघींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा त्या वेळी आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. आणि तरीही पोलीस ठाण्यांतून त्या मृत कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले. ते थांबवा असे ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले! ज्या कायद्याचा प्राण गेला त्याचे भूतही गरिबाला पुरते, हाच याचा अर्थ.

राहुल गांधी यांनी २०१९ मध्ये भाषण केले कर्नाटकात कोलारला, खटला चालला गुजरातेत सुरतेला, आणि २३ मार्च २०२३ रोजी शिक्षा झाली ती कायद्यात असलेली कमाल, म्हणजे दोन वर्षे. ज्यांच्यामागे देशव्यापी पक्ष आणि नामवंत वकिलांची फौज उभी होती, त्यांना दोषसिद्धीला स्थगिती मिळण्यास ऑगस्ट उजाडला आणि तोवर खासदारकी गेलेली होती. मग नांदुऱ्याच्या तरुणाला कोणी दूरच्या जिल्ह्यात फिर्याद लावून तारखांना खेचले, तर काय होईल? रोजगार बुडेल, रेल्वेचे भाडे पडेल, जामीनदार शोधावा लागेल. दहा वर्षांनी तो निर्दोष सुटेल; पण तोवर त्याची लेखणी केव्हाच म्यान झालेली असेल. फिर्याद करणाऱ्या धनवंताला नेमके एवढेच हवे असते.

राज्यसंस्थेची हत्यारे याहून धारदार आहेत. टिळकांवर चाललेले राजद्रोहाचे १२४-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवावयास लावले. सरकारने मग 'राजद्रोह रद्द केला' अशी दवंडी पिटली आणि नव्या संहितेत १५२ वे कलम आणून बसविले. जुन्या कलमात जन्मठेपेला पर्याय तीन वर्षांचा होता, नव्यात तो सात वर्षांपर्यंत नेला. वसाहतवादी कायद्याचे उच्चाटन ते हेच काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली संकेतस्थळ बंद करता येते आणि त्या कारवाईवर गुप्ततेचे कुलूप असते. महाराष्ट्र विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी आणि विधान परिषदेने दुसऱ्याच दिवशी मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाने 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत बोललेला आणि लिहिलेला शब्दही ओढून घेतला. आणीबाणीत २६ जून १९७५ पासून प्रत्यक्ष सेन्सॉर बसविला होता; तो निदान दिसत तरी होता. आजचा सेन्सॉर दिसत नाही, कारण तो लिहिणाऱ्याच्या मनातच बसविला जात आहे.

यावर एक प्रतिवाद होतो, आणि तो करणारे सारेच प्रतिगामी नसतात. मोकळीक दिली तर खोट्याचा आणि द्वेषाचा पूर येईल, असे ते म्हणतात. पूर आलेलाच आहे; पण तो कायदा नसल्यामुळे आलेला नाही. अल्पसंख्याकांविरुद्ध आणि दलितांविरुद्ध गरळ ओकणाऱ्यांवर कलमे लावण्यास हात आखडतो, आणि धरणग्रस्तांची बाजू मांडणाऱ्यावर तीच कलमे तत्परतेने धावतात. दोष कलमांच्या संख्येत नाही. ती कोणाच्या हाती आहेत, यात आहे. ज्याची अब्रू खरोखर गेली त्याला दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. त्यासाठी दुसऱ्याला तुरुंगात घालण्याचा अधिकार कशाला हवा?

तेव्हा समाजवादी चळवळीने केवळ निषेधाचे ठराव करून थांबू नये. फौजदारी बदनामी आणि १५२ वे कलम रद्द करावे, संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश जाहीर करावेत, या मागण्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात स्पष्टपणे आल्या पाहिजेत. पण कायदा बदलेपर्यंत तालुक्यातल्या तरुणाने गप्प बसावे काय? मुळीच नाही. प्रत्येक तालुक्याच्या अभ्यासवर्गात बदनामीचे अपवाद आणि राजगोपालचा निकाल शिकविला जावा. इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुन्हा रद्द करणारा २८ मार्च २०२५ चा निकालही तेथे वाचला जावा. शब्दांवरून गुन्हा नोंदविण्यापूर्वी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करावी, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. माहितीच्या अधिकाराखाली प्रमाणित प्रती मिळवून त्या जपून ठेवण्याची, आणि ज्याच्यावर लिहावयाचे त्याचे म्हणणे आधी मागविण्याची शिस्त लावली जावी. जिल्ह्याजिल्ह्यांत चळवळीतल्या वकिलांची नावनिशी तयार असावी आणि वर्गणीतून बचाव निधी उभा राहावा. संपात कामगाराच्या घरची चूल पेटती ठेवणे हे संघटना आपले कर्तव्य मानते. लिहिल्याबद्दल खेचल्या गेलेल्या माणसाच्या तारखेचे भाडे भरणे हेही त्याच कर्तव्यात मोडते.

स्वातंत्र्याचा दाम प्रत्येकाने एकट्याने मोजावा, अशीच सत्ताधाऱ्यांची इच्छा आहे, कारण एकट्याचा खिसा लवकर रिकामा होतो. तो दाम सर्वांनी मिळून मोजावयाचा, हे समाजवाद्यांचे उत्तर असले पाहिजे. नांदुऱ्याच्या तरुणाला 'लिहू नकोस' असे सांगणे सोपे आहे. 'पारखून लिही, निर्भयपणे लिही, तारखेला आम्ही बरोबर येऊ' असे जी संघटना त्याला सांगेल आणि तारखेला खरोखर हजर राहील, तिलाच त्याच्याकडे मत मागण्याचा अधिकार उरेल.