नवा मासा थेट टाकीत सोडू नका



आजचा विषय वाचून काही जणी म्हणतील, "काकू, जैनाच्या घरात फिशटँक? आणि वर त्यावर लेख?" बरोबर आहे तुमचं. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच 'बंध' आहे. जीवाला कोंडून ठेवणं हा दोषच. माझं मत विचाराल तर घरात मासे आणूच नयेत. पण मुलं-नातवंडं आणतात, आपण "नको नको" म्हणतो आणि चार दिवसांनी कौतुकाने बघत बसतो. आपल्या ओळखीच्या किती घरांत हॉलमध्ये निळ्या दिव्याखाली खाऱ्या पाण्याची टाकी आहे, ते मोजून पाहा. माझा राग टाकीवर नाही, पुढच्या निष्काळजीपणावर आहे. आधी तो माझ्यावरच काढते.

आमच्याकडे पाच फुटी टाकी होती. दोन क्लाऊनफिश, तीन निळ्या डॅमसेल आणि वाळूत बीळ करून राहणारा एक गोबी. दोन वर्षं सगळं सुखात चाललं होतं. नातवाच्या वाढदिवसाला लेकाने निळा टँग आणला, सिनेमातली ती डोरी. दुकानदार म्हणाला, "पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा आणि सोडून द्या." आम्ही तसंच केलं. चौथ्या दिवशी टँगच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दोन-तीन दिवसांत ते गेले. मी म्हटलं, बरा झाला. दोन आठवड्यांनी सहाच्या सहा मासे ठिपक्यांनी भरले आणि तोंड वर करून धापा टाकू लागले. दशलक्षणाचे दिवस होते. मी मंदिरातून यायची आणि जाळीने मेलेला मासा काढायची. शेवटी एक क्लाऊनफिश तेवढा उरला. नातवाने विचारलं, "आजी, नवीन मासा आजारी होता हे आपल्याला कळत कसं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून वाचायला बसले.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला, ही पहिली फसवणूक. या रोगाला मरीन इक म्हणतात. त्याचा परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत साधारण तीन ते सात दिवस राहतो, मग गळून वाळूवर किंवा दगडावर चिकटतो आणि भोवती कवच करतो. आत एकाचे शेकडो होतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, ते बाहेर पडून नवा मासा शोधतात. म्हणजे ठिपके गेले तेव्हा आमच्या टाकीच्या तळाशी रोगाची पेरणी झाली होती. वेल्वेट नावाचा दुसरा रोग तर एवढीही सवड देत नाही. ठिपके नीट दिसायच्या आतच तो कल्ले निकामी करतो.

आता मला ऐकवले गेलेले युक्तिवाद.

"दुकानात आठवडाभर ठेवलेलाच होता." अहो, दुकानात कित्येक टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. तिथे तो वेगळा नव्हता, उलट दहा ठिकाणच्या माशांत बसला होता.

"खाद्याला लसणाचा रस लावा." हे सांगणारी आपल्याच समाजातली! लसूण आपण खात नाही हे सोडा, त्याने परजीवी मरतो याला आधार नाही. "सफाई करणारी कोळंबी ठेवा, ती खाऊन टाकते." कातडीच्या आत बसलेलं ती काय खाणार?

"पण औषधाने परजीवी मरतो, तोही जीवच ना?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. तोही जीवच आहे. पण वेगळं ठेवण्यात मूळ गोष्ट औषध नाही, वाट पाहणं आहे. निरोगी निघालेल्या माशाला औषध लागतच नाही. रोगी निघाला तर एका लहान टाकीत एकावर उपचार होतो. वाट न पाहिल्याने सहा मासे रोगी होतात, तळाशी हजारो परजीवी वाढतात आणि नंतर सगळ्यांनाच मारायची वेळ येते. मी कॉमर्सची पदवीधर, मला हा ताळेबंद समजतो. हिंसा टाळल्याचं समाधान आणि हिंसा कमी होणं, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

आपण पाणी गाळून पितो आणि गाळण्यावरची जीवाणी जिथलं पाणी तिथे हळूच परत सोडतो. नवा तांदूळ निवडल्याशिवाय जुन्या डब्यात ओतत नाही. २०२० मध्ये परगावाहून आलेल्या पोटच्या मुलाला १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवून दाराशी ताट ठेवलं. क्वारंटाईन शब्दही चाळीस दिवसांवरूनच आला. १३७७ साली रागुसा, म्हणजे आजच्या डुब्रोवनिक शहराने बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवलं, पुढे त्याचे ४० झाले. मग माशालाच आल्या दिवशी घरात का घेता?

करायचं ते फार नाही. साठ-सत्तर लिटरची साधी काचेची टाकी घ्या. त्यात वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक हीटर, झाकण आणि स्पंज फिल्टर. तो स्पंज आधी तीन-चार आठवडे मोठ्या टाकीत भिजत ठेवा, म्हणजे उपयोगी जिवाणू त्यात वसतात आणि अमोनिया साठत नाही. तरी अमोनिया तपासत राहा. जाळी, बादली, नळी वेगळी ठेवा. आधी मोठ्या टाकीचं काम, मग या टाकीचं, मग हात धुवा. टाक्या शेजारी शेजारी नकोत, शिंतोड्यांतूनही रोग जातो. मासा सहा आठवडे इथेच राहू द्या. रोज पाच मिनिटं बघा: खातो का, श्वास जलद आहे का, अंग घासतो का.

लक्षण दिसलं तर त्याच दिवशी तांब्याचं औषध, बाटलीवरच्या प्रमाणात, आणि तपासणी किटने रोज मोजून. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर मासाच मरतो. उपचार पुरा झाला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. काही जाणकार लक्षणांची वाट न पाहता सगळ्यांनाच औषध देतात. मी आधी पाहते. मोठ्या टाकीत मात्र तांबं कधीच घालू नका, गोगलगायी आणि कोळंबी मरतात.

आमच्या उरलेल्या क्लाऊनफिशवर असाच उपचार केला आणि मोठी टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवली. मासा नसला की परजीवी आपोआप संपतो. नातू रोज रिकाम्या टाकीसमोर बसायचा. मग ठरलं, जोडीला एकच मासा, तोही समुद्रातून पकडलेला नाही, टाकीतच जन्मलेला क्लाऊनफिश. तो आज लहान टाकीत २७ व्या दिवशी आहे. छान खातो आहे. तरी अजून १५ दिवस तिथेच राहील. लेक म्हणतो, "आई, आता सोड की." मी सोडणार नाही.

तुमच्या घरी येत्या रविवारी कोणी नवा मासा घेऊन येणार असेल, तर आजच सांगा: लहान टाकी तयार नसेल तर मासा आणू नका. घरात तुमचा शब्द चालतो, तो इथेही चालवा.

जय जिनेंद्र.