शनीची जात कोणती?

मागल्या दिवाळीत गोदीतून रजा टाकून कोराडीला घरी गेलो, तर माय भिंतीला टेकून गप बसलेली. बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मी म्हटलं, काऊन मोडलं? माय म्हणाली, "तिले मंगळ हाय म्हन्ते."

कोण म्हणते? पोराकडचे. आणि पोराकडचे कोण? आपलेच, दोस्तांनो. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, दारावर निळा झेंडा. आणि कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, पोराची पत्रिका. दीक्षाभूमी आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. 14 ऑक्टोबर 1956 ला आपल्या म्हाताऱ्यांनी तिथं देव सोडले. ग्रह सोडायचे राहून गेले वाटते.

मी मॅट्रिक शिकलेला माणूस. दिवसा पाठीवर ओझं, रात्री कविता. तरी मला हिशोब येतो. ज्योतिषी काय म्हणतो? पत्रिकेच्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या नि बाराव्यात मंगळ बसला की दोष. बारात पाच. म्हणजे दर बारा पोरींमागं पाच-एक पोरी जन्मतःच गुन्हेगार. एवढे गुन्हेगार तर पोलिसांनाही सापडत नाहीत!

आणि मंगळ लाल कशानं? रक्तानं नाही, गंजानं. तिथल्या मातीत लोखंडाचा गंज आहे. गोदीत जुन्या साखळदंडाला हात लावला की तळवा लाल होतो, तसलाच. मी रोज मंगळ धुऊन भाकर खातो. मला काही झालं नाही. 24 सप्टेंबर 2014 ला आपल्या देशाचं यान त्या मंगळाभोवती फिरायला लागलं, तेव्हा सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून घरी आले आणि पुन्हा पोरीची पत्रिका उघडून बसले.

आता नावांचं बघा. पहाटे दिसते ती शुक्राची चांदणी. रोमन लोकांनी तिला प्रेमाची देवी केलं. इथल्या पोथीवाल्यांनी तिला पुरुष केलं, दैत्यांचा गुरू शुक्राचार्य केलं. गोळा एकच, तिकडं बाई, इकडं बुवा. मग खरं कोण? कोणीच नाही. ज्याच्या हातात लेखणी होती त्यानं आपल्या घरातली नावं आभाळाला चिकटवली.

नुसती नावंच चिकटवली असती तर मी हा लेख लिहिला नसता. त्यांनी जातीपण चिकटवल्या. वराहमिहिराचं ‘बृहज्जातक’ सहाव्या शतकातलं. त्यात गुरू-शुक्र ब्राह्मणांचे, रवी-मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा. आणि शनी? शनी अंत्यजांचा. म्हणजे आपला! काळा, लंगडा, सावलीच्या पोटचा, ज्याची नजर पडली की वाटोळं. ही वर्णनं ओळखीची वाटतात की नाही? माणसाला गावाबाहेर काढून यांचं पोट भरलं नाही, म्हणून आभाळातही महारवाडा वसवला. उघड्या डोळ्यांना सहज दिसणाऱ्या ग्रहांत सगळ्यात लांबचा शनी. बरोबर गावकुसाबाहेर.

राहूचं तर विचारूच नका. पंगतीत बसून अमृताचा घोट घेतला म्हणून त्याचं मुंडकं छाटलं. 1927 साली महाडला आपण तळ्याचं पाणी प्यालो, तेव्हा डोकी कुणाची फुटली ते आठवा. राहू-केतू नावाचे गोळे आभाळात नाहीतच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते ते दोन बिंदू. ग्रहण ही सावली आहे हे आर्यभटानं 499 सालीच सांगितलं. तरी त्यानंतर कित्येक शतकं आपली माणसं ग्रहणात "दे दान, सुटे गिराण" ओरडत गल्लोगल्ली फिरली. सावली चंद्राची, भीक आमची!

चंद्राचा खरा धाक मला ठाऊक आहे. पुनव-अवसेला समुद्राला उधाण येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून जहाज आत घेतात. तो चंद्र माझी जात विचारत नाही, सगळ्यांना सारखाच ओढतो.

आणि शनी? तो पाण्याहून हलका आहे. त्याच्या मापाची गोदी बांधता आली तर तो लाकडासारखा तरंगेल. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, दर राशीत अडीच वर्षं. साडेसाती म्हणजे तीन राशी. म्हणजे कुठल्याही दिवशी बारातल्या तीन राशींना साडेसाती चालूच. त्यात मालकही असतो, मजूरही असतो. मग ओझं एकट्या मजुराच्याच पाठीवर का? ते शनीला विचारू नका, मालकाला विचारा.

13 मार्च 1781 ला विल्यम हर्शेल नावाच्या एका वाजंत्र्यानं स्वतः घासलेल्या आरशातून शनीच्या पलीकडचा ग्रह पाहिला. गावकूस तुटलं! त्याला त्या ग्रहाला राजा जॉर्जचं नाव द्यायचं होतं. जगानं ते मानलं नाही, देवाचंच नाव दिलं. आपल्या मराठीनं मात्र त्याला म्हटलं हर्षल. देव नाही, राजा नाही. आरसा घासणाऱ्या हाताचं नाव. मला आभाळातलं हे एकच नाव आपलं वाटतं.

आणि प्लुटो? 24 ऑगस्ट 2006 ला प्राग शहरात खगोलवाल्यांनी मतदान केलं, आणि प्लुटो ग्रहांच्या पंगतीतून उठला. तो होता तिथंच फिरतोय, बदलली ती माणसांची यादी. म्हणजे यादी माणसं करतात आणि माणसंच खोडतात. हे आभाळात चालतं, मग गावात का चालत नाही?

परत निघायच्या रात्री बहिणीला अंगणात नेलं. वीज केंद्राच्या दिव्यांच्या उजेडातही शनी दिसत होता, शांत, पिवळट. म्हटलं, "हा आपला म्हणे." ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, इतका चांगला दिसते, मंग लोकं याले भेतात काऊन?"

उत्तर मी दिलं नाही. तुम्ही द्या. पण आधी कपाटातली ती पत्रिका बाहेर काढा.